रेषेच्या वरचं घर

"गुरुजी, आज नगं. आत पाहुणं बसल्यात," मालनबाईंनी मला उंबऱ्याबाहेरच अडवलं. आवाज अगदी खाली. अंगावर कधी न पाहिलेली जांभळी साडी होती, आणि कपाळाला घाम.

मी बगलेतली फाइल दाखवली. "आज शेवटचा दिवस आहे. उद्या सकाळी अकराच्या आत सगळे फॉर्म तालुक्याला द्यायचेत. तुमचं एकच घर राहिलंय."

"मग दुपारून या. पोरगी बघाया आल्यात. पाहुणं गेलं की मी सोता निरोप धाडती."

"बरं," म्हणून मी वळलो, तेवढ्यात आतून भाऊ इरकर बाहेर आला. भाऊ म्हणजे याच आळीतला, मालनबाईंच्या शेजारचा. या स्थळाचा मध्यस्थ तोच होता, आणि मुलाकडच्यांचा दूरचा मावसाही लागत होता. मला पाहून त्याचा चेहरा जरा उतरला. का उतरला, ते मला आत गेल्यावर कळलं. त्याच्या पाठोपाठ पांढऱ्या टोपीतला एक दणकट म्हातारा डोकावला. मुलाचा बाप, तावरे.

"कोण म्हनायचं हे?"

"आमचं शाळंचं गुरुजी," भाऊ म्हणाला. "सरकारची मोजणी चालू हाय. कुनाच्या घरात काय हाय, काय न्हाय, ते लिवून घेत्यात."

तावऱ्यांचे डोळे एकदम उजळले. "मग भाईर का हुबं? या की आत. आमच्याम्होरंच इचारा. मध्यस्थ काय, गोडच बोलतोय. सरकारी कागुद खोटं बोलत न्हाय!"

सगळे हसले. मालनबाईही हसल्या. मी त्याच क्षणी "नको, मागाहून येतो" म्हणून निघून गेलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मी चपला काढल्या आणि आत गेलो.

याला आता बावीस वर्षं झाली. माणदेशाच्या कडेला डोंगरखडी नावाचं आमचं गाव, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी होतो. मास्तर म्हणजे सरकारचा हरकाम्या. कधी मतदार मोजायचे, कधी जनावरं, त्या वर्षी गरीब मोजायचे होते. छापील फॉर्मवर तेरा प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. शाळेच्या नेमकं उलट, ज्याला गुण कमी तो यादीत वर. घरात शिरून डोळ्यांनी पाहायचं, घरच्या कर्त्या माणसाला विचारायचं, गुण टाकायचे आणि सही-अंगठा घ्यायचा. मला गुण देण्याची हौस फार, आणि अक्षरही चांगलं. गावातल्या दोन आळ्या माझ्याकडे आल्या याचा मला थोडा अभिमानच वाटला होता.

तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी शेवटी फॅन बंद करायला लावून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "गरीब किती निघतात ते शोधायला आपण निघालेलो नाही. किती काढायचेत ते वरून ठरून आलंय. पोतदार गुरुजी, तुमच्या दोन आळ्यांत अडतीस. एकोणचाळिसावं घर माझ्या टेबलावर आणू नका." पोतदार म्हणजे मी. मी मान डोलावली. बैठकीत मान डोलवायची सवय मास्तराला लावून घ्यावी लागते.

त्या रविवारी सकाळी माझी अडतीस घरं भरली होती. अडतिसावा होता भाऊ इरकर. खरं तर तो यादीत बसेल असं मला वाटलं नव्हतं. पण नऊ वाजता त्याच्या घरी गेलो तर घर रिकामं. भिंती, चूल, एक वाकळ आणि चार भांडी. "एवढंच?" मी विचारलं. "डोळ्यांनी दिसतंय ते लिवा की गुरुजी," तो म्हणाला. मी दिसलं ते लिहिलं.

आणि मालनबाई एकोणचाळिसाव्या होत्या.

त्यांचं नाव बसणार यात मला शंका नव्हती, आणि त्यांनाही नव्हती. मालनबाई टकले. नवरा घोंगड्या विणायचा, तो जाऊन चार वर्षं झाली होती. घरातला माग त्याच्या मागोमाग मोडीत गेला. बाई दुसऱ्यांची लोकर कातून द्यायच्या आणि रस्त्याच्या कामावर खडी उचलायच्या. वर्षभरापासून त्यांना दम लागायला लागला होता. पाटी डोक्यावर घेतली की चार पावलांत खाली बसायच्या. मुकादमाने शेवटी कामावरून काढलं, तेव्हा लेकीने, अलकाने, त्यांना मिरजेला नेऊन दाखवलं. डॉक्टरने सांगितलं की काळजाची एक झडप आवळून गेली आहे. ऑपरेशन केलं तर बाई वीस वर्षं जगेल, नाही केलं तर वर्ष-दीड वर्ष. खर्च दोघींच्या आवाक्याबाहेरचा होता. मग तिथल्याच नर्सने सांगितलं, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, पिवळं कार्ड असेल, तर सगळं फुकट होतं.

ते कागद घेऊन मालनबाई दोन दिवस आधी माझ्याकडे आल्या होत्या. पायरीवर बसून त्यांनी पिशवीतून एकेक चिठ्ठी काढली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"माजं नाव बसंल न्हवं, गुरुजी?"

"तुमचं नाही बसणार तर कुणाचं बसणार? डोळे मिटून बसेल. मी विचारीन त्याचं खरं ते सांगा, म्हणजे झालं."

"मी कशाला खोटं बोलू?" त्या म्हणाल्या. "माज्याकडं खोटं बोलाया हाय तरी काय?"

त्या हसल्या, मीही हसलो. माझ्या बायकोने, निर्मलाने, त्यांना चहा दिला. तो पिता पिता त्या म्हणाल्या, "अलकीचं एकदा हातावेगळं झालं की मग मी दवाखान्यात पडाया मोकळी." हे दोन दिवसांपूर्वीचं.

तर मी आत गेलो. सनगर आळीतलं, घोंगडी विणणाऱ्यांच्या वस्तीतलं, दीड खणाचं घर. त्यात एक पलंग होता, त्यावर फुलाफुलांची चादर. पलंगावर तावरे, त्यांची बायको आणि नवरामुलगा. मुलगा विट्याला मागावर कामाला होता, अंगाने बारीक, नजर सतत पायाच्या अंगठ्याकडे. समोर तीन लोखंडी खुर्च्या. कोनाड्यात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. फळीवर स्टीलच्या डब्यांची उतरंड. कोपऱ्यात स्टुलावर टेबलफॅन गरगरत होता, त्याची वायर खिडकीतून भाऊच्या घराकडे गेलेली.

मी थक्क झालो असं म्हणालो तर खोटं होईल. असल्या कार्यक्रमाला आळी सगळी आपापलं सामान आणून देते, ही आमच्याकडची जुनी रीत. मुलगी एका घरची, पण दाखवताना अख्ख्या आळीची. कुणाची खुर्ची, कुणाच्या कपबशा, कुणाच्या लुगड्याची घडी. पाहुणे गेले की ज्याचं त्याच्या घरी. मुलाकडच्यांनाही हे ठाऊक असतं, कारण त्यांच्या घरीही तेच चालतं. फक्त कुणी बोलून दाखवायचं नसतं. बोललं की सोयरीक मोडली. मला ही रीत आवडायची. माणसं माणसांची अब्रू राखतात, असं मी वर्गातही सांगायचो.

पलंग मी ओळखला. टीव्हीही ओळखला. दोन्ही भाऊच्या घरचे. आता कळलं, सकाळी त्याचं घर का ओकंबोकं होतं आणि मला पाहून त्याचा चेहरा का उतरला. त्याचं सामान भिंतीपलीकडे गेलं होतं आणि त्याच्या रिकाम्या घराला मी गरिबीचे गुण देऊन आलो होतो. भाऊ माझ्याकडे बघत नव्हता.

आणि फॅनच्या बैठकीवर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता. वाऱ्याने त्याचं एक टोक उडालं की खाली तांबड्या ऑइलपेंटमधली अक्षरं दिसायची. डी. आर. पोतदार. रंगवणाऱ्याला पंधरा रुपये देऊन मी ती घालून घेतली होती, बदलीच्या वेळी सामान हरवू नये म्हणून. सकाळी मी मोजणीला बाहेर पडल्यावर निर्मलाने फॅन दिला असणार.

"बसा गुरुजी," मालनबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे केली. रुमालाचं टोक त्यांनी जाता जाता सारखं केलं.

मी पेनाचं टोपण काढलं. अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "पाहुणे, हे सरकारी काम रटाळ असतं. तुमचा कार्यक्रम आधी होऊ द्या. मी मागाहून..."

"छ्या!" तावरे म्हणाले. "पवं यायला येळ हाय. आमाला बी जरा कळू द्या."

मी मालनबाईंकडे पाहिलं. त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हलकेच मान हलवली. हो म्हणून का नको म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी "हो" असं धरलं, कारण मला ते सोयीचं होतं.

"जमीन?"

"डोंगराकडंला हाय की," भाऊच बोलला. "दीड एकर." तिथे कुसळंसुद्धा नीट उगवत नाहीत हे त्यालाही माहीत होतं.

"घर पक्कं का कच्चं?"

"बघतायसा न्हवं," मालनबाई म्हणाल्या.

"माणशी कपडे किती? म्हणजे चारच्या आत, का सहा, का दहा..." माझीच जीभ अडखळली.

तावरीणबाईंनी पदर सावरला. मालनबाई म्हणाल्या, "धाच्या वर आसत्याल. मोजून कोन ठेवतंय?"

मी चार गुण टाकले. पुढचा प्रश्न जेवणाचा होता. फॉर्मवर तो असा छापलेला होता की तो मोठ्याने वाचणंच पाप. मी खालच्या आवाजात विचारलं, "वर्षभर दोन वेळचं पोटभर मिळतं, का काही महिने एका वेळेवर..."

आतल्या दारात अलका पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. डोक्यावर पदर. पहिली ते चौथी ती माझ्याच वर्गात होती. मधल्या सुट्टीत डबा न आणणारी मुलं नळावर रेंगाळतात, त्यांतली ती एक.

"काय इचारताय गुरुजी!" मालनबाई एकदम मोठ्याने हसल्या. "दोन येळचं? आवं, सकाळी न्याहारी, दुपारचं, रातचं. भाकरी शिल्लक ऱ्हाती. कुत्र्याला घालाया लागती."

"ऐकलंस न्हवं?" तावरे बायकोला म्हणाले. "खात्यापित्या घरची हाय पोरगी."

मी चार गुण टाकले.

"घरात वस्तू काय काय?"

आता मालनबाईंनी तोंड उघडायची गरजच उरली नव्हती. तावरे बोट दाखवत गेले, "टीवी लिवा. फॅन लिवा. पलंग लिवा." जणू त्यांच्याच सुनेचं रुखवत. मी लिहीत गेलो. टेबलफॅन या शब्दापुढे मी खूण केली तेव्हा माझं नाव रुमालाखालून पुन्हा एकदा दिसलं. मालनबाईंनी ते पाहिलं आणि मीही पाहिलं.

मधेच त्यांना दम लागला. छातीवर मूठ दाबून त्या खाली वाकल्या. तावरीणबाई म्हणाल्या, "का वो, बरं न्हाय जणू?"

"न्हाय न्हाय. चुलीम्होरनं उठून आले न्हवं, धूर गेला." आणि त्या सरळ उभ्या राहिल्या. कशा राहिल्या, कोण जाणे.

असे बारा प्रश्न झाले. तेरावा होता, सरकारकडून कसली मदत हवी? मी तो वाचला आणि पेन कागदापासून वर धरलं. मला वाटलं, इथे तरी त्या काहीतरी बोलतील. सहज, गमतीत, "दवापाण्याची" एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तावऱ्यांकडे, मग दारातल्या अलकाकडे.

"काय बी नगं," त्या म्हणाल्या.

अंगठा घेताना त्यांचा हात बर्फासारखा गार होता. तावरे म्हणाले, "गुरुजी, पवं खाऊन जावा. तुमी तर आज आमचं काम केलंसा." मी पोहे खाल्ले. वर खोबरं होतं, कोथिंबीर होती.

त्याच बैठकीत सुपारी फुटली.

दिवस मावळायच्या सुमाराला मालनबाई फॅन परत घेऊन आल्या. डोक्यावर नाही, कडेवर, मूल घ्यावं तसा. ओट्यावर ठेवून त्या तिथेच बसल्या. श्वास सापडायला वेळ लागला. निर्मलाने पाणी दिलं.

"जमलं बघा, गुरुजी. वैशाखात धरलंय." मग थोड्या वेळाने, "ते तेवढं खोडा की आता."

"काय?"

"मगाचं. ते समदं. तुमास्नी तर ठावं हाय. फॅन तर तुमचाच व्हता."

मी म्हणालो, "मालनबाई, फॉर्म शाईने भरलाय. तुमचा अंगठा आहे त्यावर. सरकारी कागदावर खाडाखोड केली तर माझ्या नोकरीवर येईल."

"मग दुसरा कागुद?"

"मोजून दिलेत."

हे खोटं होतं. माझ्या फाइलमध्ये दोन कोरे फॉर्म होते. आतल्या खोलीत, टेबलावर, हाताच्या अंतरावर. पण माझी अडतीस घरं पुरी झाली होती. सकाळपासून माझ्या डोक्यात एकच घोर होता की मालनबाईंना घालायचं तर बाहेर कुणाला काढायचं. भाऊला काढलं तर त्याचा चुलतभाऊ पंचायतीत. दुसऱ्या कुणाला काढलं तर ते घर माझ्या दारात. आणि त्या तावऱ्याने तो घोर परस्पर मिटवला होता. स्वच्छ सांगायचं तर त्यांच्या घरातून बाहेर पडताना मला आधी वाईट वाटलंच नव्हतं. आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. वाईट वाटायला पोहे खाऊन शाळेपर्यंत चालत जावं लागलं.

"एक तारखेला ग्रामसभा आहे," मी म्हणालो. "तिथे यादी वाचतात. तिथे हरकत घ्या. मी असेनच."

"तुमी सांगशीला न्हवं?"

"तुम्ही उभ्या राहा. मग मी आहे."

त्या गेल्यावर निर्मला म्हणाली, "आत फॉर्म नव्हते का हो?" मी तिच्यावर खेकसलो, "फॅन द्यायच्या आधी मला विचारायचं होतंस!" तिने फॅन उचलून आत नेला.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच ग्रामसभा भरली. लग्नाला नऊ दिवस होते. सभेचं इतिवृत्त लिहायला, नेहमीप्रमाणे, मी. माझं अक्षर चांगलं ना. तालुक्याहून एक अधिकारी आले होते. त्यांना अजून दोन गावं करायची होती आणि ऊन चढत होतं.

त्यांनी यादी वाचली. अडतिसावं नाव वाचून झालं, भाऊ इरकर. मग म्हणाले, "कुणाची हरकत आहे का? एक लक्षात ठेवा. आकडा वाढणार नाही. एक नाव आत घ्यायचं तर एक बाहेर जाईल."

ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर पटांगणावरची कुजबुज थांबली. माणसं एकमेकांपासून थोडी थोडी सरकून बसली असं मला वाटलं. खरंच सरकली, का मला तसं वाटलं, आता सांगता येणार नाही.

बायकांच्या घोळक्यातून मालनबाई उठल्या.

"माजी हाय. माजं नाव न्हाय आलं."

अधिकाऱ्यांनी माझ्या गठ्ठ्यातून त्यांचा फॉर्म काढला आणि चष्मा वर केला. "टकले. गुण एकेचाळीस! बाई, गावात तुमच्यापेक्षा बरं घर शोधायला लागेल." माणसं हसली. "हे बघा. टीव्ही. टेबलफॅन. पलंग. दहाच्या वर कपडे. तीन वेळचं जेवण. मदत, काही नको. हा अंगठा तुमचाच ना?"

"व्हय."

"मग? हे सामान घरात नव्हतं का?"

आता त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की ते सामान मागून आणलेलं. पण तिसऱ्या ओळीत भाऊ बसला होता. तावऱ्यांचा मावसा. इथे उच्चारलेला शब्द दुपारच्या एसटीने तावऱ्यांच्या घरी पोचला असता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. अलका बायकांच्या मागे भिंतीला पाठ लावून बसली होती.

मालनबाईंनी पटांगणावर नजर फिरवली. ज्यांनी खुर्च्या दिल्या होत्या ते तिथेच होते. जांभळी साडी दिलेली बाईही त्यांच्या शेजारीच होती. डबे देणारी होती, कपबशा देणारी होती. एकेकाकडे त्या थांबून थांबून बघत गेल्या. त्यांना स्वतःला बोलायचं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी म्हणावं, एवढीच त्यांची मागणी होती. सगळ्या आळीने मिळून म्हटलं असतं तर भाऊचं तोंडही बंद झालं असतं. एका बाईची अब्रू राखायला घरचा पलंग काढून देणारी ही माणसं. पण सगळे वाळूत रेघा ओढत होते. ज्याचं नाव यादीत होतं त्याला ते टिकवायचं होतं, आणि ज्याचं नव्हतं त्याला यादीतल्याशी वैर नको होतं.

शेवटी त्यांनी टेबलाकडे पाहिलं. माझ्याकडे.

मी पेन हातात धरून होतो. "साहेब, फॅन माझा आहे." चार शब्द. मनातल्या मनात मी ते जुळवले, नीट, व्याकरणशुद्ध. मग वाटलं, साहेब विचारतील, मग फॉर्मवर का लिहिलंत? कुणाच्या सहीने? आणि हा भाऊ इरकर रेषेखाली कसा बसला? माझं मूळ गावाकडच्या बदलीचं प्रकरण त्याच कचेरीत पडून होतं. मी मान खाली घातली आणि वहीवर आजची तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती. त्यावरून पुन्हा गिरवली.

"बाई, बोला लवकर. सामान घरात होतं का नव्हतं?"

"व्हतं," मालनबाई म्हणाल्या.

"तुमच्याच घरात?"

"माज्याच."

"मग हरकत कसली? बसा खाली."

त्या बसल्या नाहीत. पदर सारखा केला आणि सावकाश चालत पटांगणाबाहेर गेल्या. फाटकापाशी दोनदा थांबल्या. अलका उठून त्यांच्यामागे पळाली. अधिकारी मला म्हणाले, "लिहा गुरुजी, हरकत नाही." मी लिहिलं. ते पान पंचायतीच्या दप्तरात अजून असेल. अक्षर सुरेख आहे.

लग्न झालं. आळीने पुन्हा सगळं सामान दिलं, भांडी दिली, मांडवाला वासे दिले, बायकांनी रात्र रात्र जागून पोळ्या लाटल्या. आम्ही एक पातेलं आहेर केलं. मालनबाई मांडवात खुर्चीवर बसून होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवून जावा" म्हणत होत्या. मला दोनदा म्हणाल्या.

त्यानंतर त्या कधी आमच्याकडे आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की "बरं हाय न्हवं, गुरुजी?" म्हणायच्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. कार्तिकात त्या गेल्या. लोकर कातता कातताच गेल्या, असं भाऊ सांगत होता. डॉक्टरने वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं, त्यातलं वर्षही पुरतं भरलं नाही. खांदा द्यायला अख्खी आळी होती. मीही दिला. ओझं असं नव्हतंच.

महिनाभराने अलका नवऱ्याबरोबर येऊन घर आवरून गेली. परत निघताना, कुलपाची किल्ली हातात घेऊन ती शाळेत आली. नवरा फाटकापाशी थांबला. दिवस गेल्याचं तिच्या चालण्यावरून कळत होतं.

"गुरुजी, निगाले."

"बरं आहे ना सासरी?"

"हाय. चांगली हायती माणसं." थोडं थांबून म्हणाली, "आईला ऑपरेशन मिळालं आसतं तर नातवंड बघितलं आसतं."

मी टेबलावरचे खडू डबीत भरायला लागलो. आता ती विचारणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. सहा महिने तयार ठेवलं होतं. आकडा वरून आला होता, नियम होता, माझ्या हातात काय होतं, असं सगळं.

तिने विचारलंच नाही.

"सभेत मी मागं बसले व्हते," ती म्हणाली. "मला काय कळलं न्हाय तवा, आईनं तसं का सांगितलं. घरी जाऊन तिला लई बोलले मी. तर ती म्हनली, समदं आधीच ठरून आल्यालं आसतंय, आपुन काय बी सांगितलं तरी नाव बसनार न्हवतं. तुज्या लग्नाचा त्यात काय बी संबंध न्हाय. आनि म्हनली, गुरुजींनी आपल्यासाठी लई खटपट केली. तालुक्याला जाऊन साहेबाच्या पाया पडलं. पर वरच्यांनी ऐकलं न्हाय."

मी खडूची डबी बंद केली.

"जाईस्तवर म्हनत व्हती. गुरुजींचं उपकार इसरू नगं."

आणि ती वाकली. अवघडलेली असूनही पुरती खाली वाकली, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला पाय मागे घेता आले असते. "ऊठ, असं काही झालेलं नाही," असंही म्हणता आलं असतं. बाहेर मुलं पाढे म्हणत होती, फाटकापाशी तिचा नवरा वाट बघत होता.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."